स्टेशनचे घड्याळ आणि गावचा सूर्य

सीमा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जमिनीवरची रेघ येते. कुठे ओढा, कुठे दगड, कुठे नुसतीच रस्त्याकडेची पाटी. अलीकडे एक लिपी, पलीकडे दुसरी. आपण सीमाभागातली माणसे अशा रेघा रोजच ओलांडतो. बाजार एकीकडे, शेत दुसरीकडे, मुलीचे सासर तिसरीकडे. घरात दोन भाषा आणि दोन्ही भाषांतून तीच ती भांडणे. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात आणखी एक सीमा होती. ती कोणत्याही नकाशावर काढलेली नव्हती, तिच्यासाठी कधी आयोग बसला नाही की मोर्चा निघाला नाही. ती गावठाण आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधून जात होती. तिच्या अलीकडे एक वेळ होती आणि पलीकडे दुसरी.

ही सीमा आपल्या खेड्यापाड्यांत कशी आली, घराघरांतून ती कशी निभावली गेली आणि शेवटी ती पुसली गेली की नुसती झाकली गेली, हे सांगावे म्हणून हा लेख.

सावलीची वेळ

माझे आजोळ खानापूर तालुक्यातले, लोंढ्याच्या बाजूचे. माझ्या आजीला घड्याळ वाचता येत नव्हते. पण वेळ तिला अचूक कळे. पहाटेचा पहिला कोंबडा, मग शुक्राची चांदणी, मग झुंजूमुंजू, तांबडे फुटणे, कासराभर दिवस वर येणे, न्याहारीची वेळ, गुरे सुटण्याची वेळ, सावली पायाशी येणे, उन्हे कलणे, गोरज, दिवेलागण, निजानीज. हे तिच्या दिवसाचे आकडे. रात्री उठायचे झाले तर अंगणात येऊन ती तिकांडे कुठवर आले ते पाही आणि "अजून प्रहरभर रात्र आहे" म्हणून परत निजे.

याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण या खाली एक पक्के गणित होते. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत साठ घटका. एक घटका म्हणजे आजची २४ मिनिटे. घटकेची साठ पळे. अडीच घटकांचा एक तास. साडेसात घटकांचा एक प्रहर. लग्नकार्यात घटका मोजायला घटिकापात्र असे. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. आपल्या भाषेने या साधनांची आठवण जपून ठेवली आहे. घड्याळ हा शब्द घटिकेच्याच घरातला. तास म्हणजे मुळात ठोके देण्याची काशाची थाळी. म्हणून तर आपण वेळ विचारताना "किती वाजले" असे विचारतो. वेळ ही ऐकण्याची गोष्ट होती, पाहण्याची नव्हे. शेजारचा कानडी माणूस "एष्टु गंटे" म्हणतो, त्यातला गंटे म्हणजे घंटाच. घाटाखाली गोव्यात गेले की तासाला 'वर' म्हणतात, तो पोर्तुगीजांच्या 'होरा'वरून आलेला. तीन भाषा, तीन वाटा. पण मुक्काम एकच.

या जुन्या वेळेचा मुख्य गुण असा, की ती ज्या त्या गावाची होती. सूर्य डोक्यावर आला की त्या गावची दुपार. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. जो गाव पूर्वेला त्याची दुपार आधी, जो पश्चिमेला त्याची नंतर. आपल्या ज्योतिष्यांना हे ठाऊक होतेच. उज्जयिनीवरून जाणारी रेषा मध्यरेषा धरून ते गणित करीत आणि आपल्या गावासाठी देशांतराचा संस्कार देत. पण बेळगावच्या दुपारीत आणि मद्रासच्या दुपारीत २३ मिनिटांचा फरक आहे याने कोणाचे काही अडत नव्हते. बैलगाडीने मद्रासला निघालेला माणूस पोचेपर्यंत तो फरक वाटेत कुठे जिरला ते त्यालाही कळले नसते.

रुळांवरून आलेली वेळ

अडले ते आगगाडीमुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, तेव्हा मुंबईची वेळ तिला पुरेशी होती. पण १८७० साली मुंबईकडचे रूळ जबलपूरला कलकत्त्याच्या रुळांना मिळाले आणि १८७१ साली रायचूरला मद्रासच्या रुळांना मिळाले. मुंबई आणि कलकत्ता यांच्या स्थानिक वेळांत एक तासाहून दोन मिनिटे अधिक अंतर. मुंबई आणि मद्रास यांच्यात अर्धा तास. एकाच रुळावर दोन गाड्या दोन वेगळ्या घड्याळांनी चालू लागल्या तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून सर्व रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रासला वेधशाळा होती, तिथून तारेने वेळ कळवता येई, आणि मद्रास हे मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मधोमध पडत होते.

१८८० नंतरच्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचे रूळ आपल्या भागात आले आणि त्यांच्याबरोबर मद्रासची वेळही आली. आता हिशेब पाहा. बेळगावची दुपार मद्रासच्या मागून २३ मिनिटांनी होते. म्हणजे गावच्या सूर्यावर भरवसा ठेवून जो शेतकरी बाराच्या गाडीसाठी ठीक मध्यान्हीला फलाटावर पोचेल, त्याला गाडीचा धूरही दिसायचा नाही. स्टेशनच्या घड्याळात बारा वाजून तेवीस मिनिटे झालेली असणार. गाडी वेळेवर होती आणि माणूसही वेळेवर होता. फक्त वेळा दोन होत्या.

खेड्यातल्या माणसाने यावर जो तोडगा काढला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. त्याने आपली वेळ बदलली नाही आणि स्टेशनच्या वेळेशी वादही घातला नाही. त्याने दोन्ही वेळा वेगवेगळ्या कामांना वाटून दिल्या. गाडी, तार, कचेरी, कोर्ट ही स्टेशनच्या वेळेची. नांगर, गोठा, चूल, देव, लग्न, बारसे ही गावच्या वेळेची. आमच्या आजोळी गाडीला जायचे असले की घरातून 'एक भाकरी आधी' निघायचे असा नियम होता. म्हणजे एक भाकरी भाजून होण्याइतका वेळ नव्हे, तर सगळ्या घराच्या भाकऱ्या होण्याइतका. अर्धा तास म्हणजे किती, याचे माप त्यांनी स्वयंपाकघरातून घेतले होते. पुढे घड्याळ आले तरी ही म्हण राहिली.

उलटाही व्यवहार झाला. गाडीची शिट्टी हेच शिवारातले घड्याळ झाले. सकाळची गाडी घाटाकडे गेली की गुरे सोडायची, संध्याकाळची गाडी आली की चूल पेटवायची. मद्रासची वेळ अशी मागच्या दाराने गोठ्यात शिरली, आणि तिला मद्रासची म्हणून कोणी ओळखलेही नाही.

शहराचा हट्ट

गावाने जे गुपचूप निभावले, त्यावर मुंबई शहराने मात्र मोठा वाद केला. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाने उभे आहे ते सर जेम्स फर्ग्युसन मुंबईचे गव्हर्नर असताना, १८८१ साली, सरकारने शहरात मद्रासची वेळ लागू करण्याचा घाट घातला. लोकांना ते रुचले नाही. आमचा सूर्य असताना आम्ही मद्रासच्या सूर्याने का उठावे, असा प्रश्न होता. १८८३ साली सरकारला तो हुकूम मागे घ्यावा लागला.

त्यानंतर जगाचाच हिशेब बदलला. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने ग्रीनिचची रेषा शून्य मानली. हिंदुस्थानासाठी ८२ अंश ३० कलांची रेषा निवडण्यात आली. ती मिर्झापूरजवळून जाते आणि तिची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. १९०५ च्या जुलैत रेल्वेने ही 'स्टँडर्ड' वेळ धरली आणि १ जानेवारी १९०६ पासून ती देशाची अधिकृत वेळ झाली. मद्रासला फक्त नऊ मिनिटांचा फरक पडला. कलकत्त्याचे घड्याळ २४ मिनिटे मागे गेले असते. मुंबईचे ३९ मिनिटे पुढे ढकलावे लागणार होते.

ही ३९ मिनिटे कोणाच्या अंगावर पडली ते पाहिले पाहिजे. बंगल्यातला साहेब काय, नाटकगृहातला प्रेक्षक काय, घड्याळ सरकवून मोकळा. पण गिरणीत भोंगा सहाला होत असेल, तर उद्यापासून तो सूर्याच्या हिशेबाने पाच वाजून एकवीस मिनिटांनी होणार. म्हणजे चाळीतून काळोखात निघायचे. गिरणीतला मजूर होता कोण? रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरकडचा शेतकरीच तो. ज्याने आयुष्यभर तांबडे फुटल्यावर पाय उचलला. शिवाय नुकतेच काही गिरण्यांत विजेचे दिवे आले होते आणि त्यांच्या उजेडात कामाचा दिवस ताणला जात होता. पुरुष कामगारांना बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा व्हायला १९११ साल उजाडायचे होते. सकाळ अलीकडे सरकली म्हणून संध्याकाळीही सुटका लवकर होईल, याची खात्री कोणी देणार नव्हते. ५ जानेवारी १९०६ रोजी मुंबईत काही हजार गिरणी कामगारांनी मागाला हात लावायला नकार दिला आणि दगडफेक झाली. पाठोपाठ शहरात सभा झाल्या, अर्जांवर पंधरा हजारांहून अधिक सह्या झाल्या. आदल्याच ऑक्टोबरात बंगालची फाळणी झाली होती. लॉर्ड कर्झनच्या कारभाराचा राग ताजा होता. वरून लादलेली वेळ ही त्याच हाताची आणखी एक चापट वाटली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबई महापालिकेने आपल्या घड्याळांसाठी मुंबईचीच वेळ राखण्याचे ठरवले.

तेव्हापासून जवळजवळ पन्नास वर्षे मुंबईत दोन वेळा शेजारी शेजारी नांदल्या. रेल्वे, तार, सरकारी खाती स्टँडर्ड टायमावर. पालिकेची घड्याळे आणि कित्येक घरे मुंबई टायमावर. कोणी वेळ ठरवली की पुढचा प्रश्न ठरलेला: "कोणता टाइम?"

लग्नपत्रिकेतली दोन अक्षरे

आपल्याकडच्या जुन्या लग्नपत्रिका कोणाच्या ट्रंकेत असतील तर काढून पाहा. मुहूर्ताच्या वेळेपुढे 'स्टँ. टा.' अशी अक्षरे छापलेली दिसतील. आजच्या मुलांना त्याचा अर्थ लागत नाही. पण ती दोन अक्षरे म्हणजे या साऱ्या इतिहासाचा गोषवारा आहे. मुंबईहून येणारा पाहुणा ३९ मिनिटे मागच्या घड्याळाने येईल आणि गावचा माणूस सूर्याकडे पाहून येईल, म्हणून यजमान आधीच सांगून ठेवी की आम्ही कोणत्या वेळेबद्दल बोलत आहोत.

माझ्या आईच्या मोठ्या बहिणीचे लग्न १९३८ सालचे. आई तेव्हा परकरी होती, पण ती हकिकत तिच्या तोंडून आम्ही इतक्यांदा ऐकली की आता ती माझीच आठवण वाटते. वऱ्हाड मुंबईहून आलेले, वराचे काका गिरणीत जॉबर. त्यांच्या खिशात साखळीचे घड्याळ, ते मुंबई टायमावर. मुलीकडच्या ओसरीवर ठोक्यांचे घड्याळ, ते स्टेशनावरून लावून आणलेले. आणि मांडवात भटजींनी घंगाळात घटिकापात्र सोडलेले. मुहूर्त जवळ आला तशी तिन्हींची तिहेरी साक्ष सुरू झाली. काका म्हणत अजून वेळ आहे, चहा होऊ द्या. ओसरीचे घड्याळ म्हणे वेळ होत आली. आणि वाटी आपल्या गतीने बुडत होती. अखेर आजोबांनी हात जोडून काकांना सांगितले, "व्याहीबुवा, तुमचं घड्याळ मुंबईच्या दुपारचं, आमचं सरकारच्या दुपारचं. मुलगी इथली आहे, तिचं लगीन इथल्या सूर्यावर लागू द्या." वाटी बुडाली, अक्षता पडल्या. काकांनी मग मांडवातच किल्ली फिरवून आपले घड्याळ ओसरीच्या घड्याळाशी जुळवून घेतले. आई सांगायची, व्याह्यांनी दिलेला पहिला मान तोच.

यात भटजींचे गणित साधे होते. मुहूर्त हा पंचांगातून येतो आणि पंचांग सूर्योदयावर चालते. बेळगावकडचा सूर्य स्टँडर्ड टायमाच्या ३२ मिनिटे मागे. घटकांत सांगायचे तर एक घटका वीस पळे. म्हणून पंचांगाच्या मागच्या पानांवर गावोगावच्या मिनिटांचे कोष्टक असते. या दिवाळी अंकाचे वाचक जिथे जिथे पसरले आहेत, त्या गावांचा हिशेबही करून पाहण्याजोगा आहे. स्टँडर्ड वेळेच्या मागे वडोदरा ३७ मिनिटे, पणजी ३५, इंदूर २७, ग्वाल्हेर १७, हैदराबाद १६. एकच मराठी पंचांग घेऊन ही सारी घरे बसतात, पण कोणाचाही अभिजित मुहूर्त दुसऱ्याच्या घड्याळाशी जुळत नाही. अभिजित म्हणजे दिवसाचा मध्य, आणि तो घड्याळाच्या बाराला बहुधा कुठेच नसतो. बेळगावात सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या पहिल्या आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवशी अंगणात काठी रोवून पाहा. सावली हरवते ती साडेबाराच्या सुमारास. आजी ज्याला 'बारा' म्हणे ते हे बारा.

युद्धाचा तास

एवढ्यावर थांबले असते तर बरे. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून, सरकारने सबंध देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे केली. १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, तीन वर्षांहून अधिक काळ, ही वेळ चालली. उद्देश उजेडाचा उपयोग करून घेण्याचा. पण देशाच्या पश्चिम अंगाला त्याचा अर्थ काय झाला? आपल्याकडचा खरा मध्यान्ह कागदोपत्री दीड वाजता होऊ लागला. पौष महिन्यात बेळगावला सूर्य आजच्या घड्याळाने सातच्या सुमारास उगवतो. तेव्हा तो आठला उगवू लागला.

घराघरांत 'जुना टाइम' आणि 'नवा टाइम' हे शब्द आले. आई सांगे, शाळेची घंटा नव्या टायमाची, पण म्हशीचा पान्हा जुन्या टायमाचा. म्हैस काही सरकारी परिपत्रक वाचत नाही. दूध घेऊन गाडी गाठणाऱ्या गवळ्याला तासभर आधी गोठ्यात जावे लागे, आणि म्हैस आटवे. पोरांना काळोखात उठवायचे, कंदिलाच्या उजेडात भाकरी बांधून द्यायची, आणि शाळेच्या वाटेवर तांबडे फुटायचे. रात्री उलट, घड्याळ नऊ म्हणे, पण अंग आठच म्हणे, आणि पोरे निजत नसत. जास्तीचा हा तास कोणाच्या खिशातून गेला, असे विचारले तर उत्तर एकच: बायांच्या झोपेतून. सर्वांच्या आधी उठणारी तीच आणि सर्वांनंतर आडवी होणारी तीच. तिच्या दिवसाची दोन टोके दोन वेगळ्या घड्याळांना बांधली गेली. सकाळ नव्या टायमाची, रात्र जुन्या टायमाची.

म्हणून मला वाटते, वेळेच्या सीमेचा इतिहास हा वेधशाळांचा आणि कौन्सिलांचा जेवढा, तेवढाच चुलीपाशी बसणाऱ्यांचाही. फक्त चुलीपाशी बसणाऱ्यांनी तो लिहून ठेवला नाही.

पुसलेली आणि झाकलेली

कलकत्त्याने आपली वेगळी वेळ १९४८ साली सोडली, मुंबईने १९५५ साली. योगायोग असा, की पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आपला जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. एक रेघ पुसली गेली आणि दुसरी उमटली. जमिनीवरच्या रेघेचे पुढे काय झाले ते वाचकांना मी सांगायला नको. पण घड्याळातली रेघ पुसली गेल्याचे कोणाला फारसे जाणवलेही नाही, कारण तोवर रेडिओ आला होता, एसटी आली होती, आणि वेळ म्हणजे बातम्यांआधीचे ते टोले, असे एका पिढीने मानून घेतले होते.

१९५७ साली राष्ट्रीय पंचांग निघाले, मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने घालून दिलेल्या पद्धतीचे. त्याच्या गणितासाठी जे मध्यवर्ती स्थान धरले आहे त्याचा रेखांश ८२ अंश ३० कला, म्हणजे स्टँडर्ड टायमाचा. आणि अक्षांश २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जयिनीचा. जुन्या आणि नव्या वेळेचा असा समझोता कागदावर तरी झाला. आजोबांनी व्याह्यांशी केलेल्या समझोत्याहून तो फार वेगळा नव्हता.

पण देशाच्या दुसऱ्या टोकाला हा प्रश्न अजून जिता आहे. देशाची रुंदी २९ अंशांची, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ दोन तासांची. आसामात दिब्रुगडला जूनमध्ये सव्वाचारच्या सुमारास उजाडते आणि डिसेंबरात साडेचारच्या आधी सूर्य मावळतो. म्हणून तिथल्या चहामळ्यांनी इंग्रजी अमदानीपासून 'बागान टाइम' चालवला आहे, घड्याळाच्या तासभर पुढचा. मळ्यातली मजूर बाई बागान टायमाने कामाला जाते आणि शनिवारी बाजारात आली की भारताच्या टायमाने वागते. आमच्या आजोळच्या शेतकऱ्याने जे केले, तेच ती करते. वेगळ्या वेळेची मागणी गुवाहाटी उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१७ साली फेटाळली गेली. २०१८ साली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी देशात दोन वेळा करता येतील असे मांडले, आणि त्यांमधली रेघ बंगाल-आसामच्या चिंचोळ्या हद्दीवर, ८९ अंश ५२ कलांच्या आसपास सुचवली. तीच जागा का? तर तिथे रेल्वेची घड्याळे बदलावी लागतील अशी स्थानके कमीत कमी आहेत. सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरही पहिला विचार रुळांचाच झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

देशाच्या हद्दींवर तर अशा रेघा रोजच्याच आहेत. १९५१ पासून पश्चिमेला पाकिस्तानचे घड्याळ आपल्या अर्धा तास मागे आणि पूर्वेला, आज जिथे बांगलादेश आहे तिथे, अर्धा तास पुढे. पंजाबात हद्दीच्या कुंपणापलीकडे आपल्याच शेतकऱ्यांच्या जमिनी आहेत. दरवाजा ठरल्या वेळेला उघडतो, ठरल्या वेळेला बंद होतो. पलीकडे हाकेच्या अंतरावर नांगरणाऱ्याचे घड्याळ अर्धा तास मागे असते, पण दोघांची सावली एकाच लांबीची पडते. बिहार आणि नेपाळ यांच्यात तर कुंपणही नाही, रोटीबेटीचा व्यवहार आहे. आणि फरक पाव तासाचा, कारण १९८६ पासून नेपाळने आपले घड्याळ पाऊण तासाच्या हिशेबावर बसवले. २०२२ साली जयनगरहून जनकपूरकडे जाणारी गाडी पुन्हा सुरू झाली. त्या गाडीने माहेराला जाणाऱ्या बाईला विचारा, पाव तास म्हणजे किती. ती बहुधा भाकरीसारखेच एखादे माप सांगेल.

शेवटी

या साऱ्यातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की सगळ्यांनी एकच वेळ पाळण्यात मोठी सोय आहे. एकाच रुळावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत, तार एकाच अर्थाने वाचली जावी, यासाठी कोणीतरी आपली दुपार सोडावीच लागते. मुंबईचा पन्नास वर्षांचा हट्ट मला समजतो, पण त्यावाचून आज काही अडत नाही हेही खरे.

दुसरी गोष्ट ही, की ही किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. रेघेपासून दूर बसलेल्याला ती आकड्यात दिसते. रेघेवर राहणाऱ्याला ती झोपेत, दुधात, पायवाटेवरच्या काळोखात मोजावी लागते. आणि रेघ आखताना विचारले जाते ते नेहमी दूर बसलेल्यांना. जमिनीच्या सीमेबद्दल हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. वेळेच्या सीमेबद्दलही ते तितकेच खरे आहे.

दोन भाषांत राहणाऱ्या घरांना दोन वेळांत राहणे अवघड गेले नाही, याचे मला नवल वाटत नाही. कचेरीत एक भाषा आणि माजघरात दुसरी, हे ज्यांना साधले त्यांना स्टेशनवर एक वेळ आणि गोठ्यात दुसरी, हेही साधले. त्यांनी एकीसाठी दुसरी टाकली नाही. आज आपल्या मनगटावर आणि खिशातल्या फोनवर एकच वेळ आहे, सेकंदापर्यंत नेमकी, आणि ती मिर्झापूरजवळच्या एका रेषेची आहे. ती जरूर पाळावी. मात्र आपल्या अंगणात सूर्य डोक्यावर किती वाजता येतो, हे घरातल्या मुलांना एकदा तरी काठी रोवून दाखवावे. बत्तीस मिनिटांचा तो फरक पंचांगाच्या मागच्या पानावर अजून छापला जातो आहे, तोवर तो आपल्या बोलण्यातूनही जाऊ नये.